गवतात पडून राहणाऱ्या पोराला

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"मावशी, मी २३ वर्षांचा आहे, शिरपूरला एका मेडिकलवर कामाला. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर पब्जी खेळायला लागलो, नंतर बीजीएमआय, म्हणजे पब्जीचीच भारतातली आवृत्ती. मी, फुईचा (आत्याचा) मुलगा आणि वर्गातले दोघं, अशी आमची स्क्वॉड. मला सगळ्यात काय आवडायचं सांगू? गवतात आडवं पडायचं आणि नुसतं बघायचं, कोण कुठून जातंय, लांब कुठं गोळ्या चालल्यात. २०२२ च्या जुलैत गेम बंद पडला. परत कधी येणार ते कळावं म्हणून एका स्ट्रीमरच्या (गेम खेळताना लाइव्ह दाखवणाऱ्याच्या) चाहत्यांच्या ग्रुपला लागलो. आता तिथं साडेचारशे पोरं आहेत. गवतात झोपणाऱ्याला तिथं 'स्नेक' म्हणतात. कोणाची केडी (दर मरणामागे किती मारले) किती, कोण कोणत्या रँकला, कोणती बंदूक उचलली म्हणजे तुम्हाला काही कळत नाही, सगळं ठरलेलं. मीही शिकलो. क्राउनपर्यंत गेलो. पण मजा गेली. मॅच संपली की पहिला विचार येतो, याचा स्क्रीनशॉट टाकता येईल का. आयपीएलचंही तसंच, पूर्वी पप्पांसोबत बघायचो, आता ग्रुपवर भांडत बघतो. ग्रुप सोडावा तर सोडवत नाही. मागच्या वर्षी पप्पांचं धुळ्याला ऑपरेशन झालं, रक्त लागलं, तर दोंडाईचाचा एक पोरगा, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, मोटारसायकलवर येऊन रक्त देऊन गेला. तो याच ग्रुपमधला. फुईचा मुलगा आता आमच्यासोबत खेळत नाही. त्याला मी एकदा ग्रुपवर 'बॉट' म्हणालो होतो, गमतीत. काय करू?
– गवतातला साप, शिरपूर"

सापा (नाव तूच घेतलंस, मला बोल लावू नकोस),

तुझ्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याकडे येते, जरा दम धर. आधी तुझा खेळ काय आहे ते तरी कळावं म्हणून सुटीवर आलेल्या भाच्याला शेजारी बसवलं आणि त्याच्या मोबाईलवर खेळून पाहिलं. पहिल्या वेळी विमानातून उडी मारायचीच विसरले. शेवटी विमानानं मला आपणच ढकलून दिलं. दुसऱ्यांदा एका घरात शिरले आणि दार लावायचं बटण सापडेपर्यंत मेले. तिसऱ्यांदा भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, तू गवतात झोप बरं." झोपले. आणि खरं सांगते, बरं वाटलं. इकडे जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलर नुसता घरघरतोय, आणि मी एका हिरव्या टेकडीवर पालथी पडून खालच्या रस्त्यानं कोण जातंय ते बघतेय. कोणी येईना. तरी बघतेय. लहानपणी मळ्यात माचावर बसून पाखरं राखायचो, त्याची आठवण झाली. तेव्हा तुझी आवड काय ती मला कळली, आणि ती आवड आळशी माणसाची आहे असं मला तरी वाटलं नाही.

आता हिशेब कर. बेटावर शंभर जण उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या. चिकन डिनर, म्हणजे विजय, एकाच टोळीला. म्हणजे दर खेळात शंभरातले शहाण्णव हरून घरी जातात. जिंकण्यातच सगळी मजा असती तर हा खेळ पहिल्या आठवड्यातच ओस पडला असता. कोटींनी लोक खेळतात याचा अर्थ त्या शहाण्णवांनाही काहीतरी मिळतं. कोणाला उडी मारताना पोटात गोळा येतो तो आवडतो, कोणाला घरं धुंडाळून सामान गोळा करणं आवडतं, कोणाला जीपमध्ये चौघं बसून आरडाओरडा करणं. तुला गवत. यातली एकही गोष्ट केडीत मोजली जात नाही. कंपनीनं आपल्याकडच्या गेममध्ये 'किल' हा शब्द बदलून 'फिनिश' केला, तरी पोरं केडीच म्हणतात, म्हणजे माप किती अंगात मुरलंय बघ. कॉन्करर ही जी सगळ्यात वरची पायरी आहे, तिथं जागाच पाचशे. तुमच्या ग्रुपमधल्या साडेचारशेंपैकी कितीजण तिथं पोचतील? पण बोलणं सगळं तिथलंच.

स्टॅनफर्डच्या एका बालवाडीत केलेला प्रयोग आहे, १९७३ साली छापून आलेला. ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा वर्गात ठेवली आणि कोण आपणहून काढतंय ते लांबून पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. मला यात हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कौतुकानं नुकसान झालं नाही. कौतुकासाठी म्हणून हात चालायला लागला तेव्हा झालं. तू गवतात पडला असताना कोणी "भारी रे" म्हणालं असतं तर तुझं काही बिनसलं नसतं. आता तू पडण्याआधीच विचार करतोस की हे टाकण्याजोगं होईल का.

तुझ्या पत्रात एक तारीख आहे, ती तुला साधी वाटली असेल. तू ग्रुपमध्ये आलास तेव्हा खेळ चालूच नव्हता. सरकारनं २०२२ च्या जुलैत तो बंद केला आणि तो परत आला २०२३ च्या मेमध्ये. दहा महिने खेळ नाही, आणि ग्रुप मात्र जोरात. दहा महिने ही पोरं काय करत होती? बोलत होती. कोण चांगला, कोण फालतू, कोणाची बंदूक खरी, कोणाची खोटी.

आपल्याकडे भरितावरून काय कमी भांडणं आहेत? वांगी बामणोदचीच पाहिजेत. कपाशीच्या काड्यांवरच भाजली पाहिजेत, गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणूच नका. बडगीत ठेचायचं, मिक्सर लावला तर वाळीत टाकू. शेंगदाणे घालायचे की नाहीत यावर तर सोयरिकी मोडतील. माझे सासरे याबाबतीत साक्षात सुप्रीम कोर्ट होते. पण ही सगळी भांडणं मळ्यात, पंगतीत बसून चालतात. बोलणाऱ्याच्या तोंडात घास असतो, आणि "याला काय भरीत म्हणता" असं म्हणणारा तेवढ्यात ताटही पुढे करतो. तुमच्या पंगतीत दहा महिने ताटच नव्हतं. नुसता वाद वाढला आणि तुम्ही तो पोटभर खाल्लात. मग खेळ परत आला तेव्हा जीभ आधीच बिघडलेली. तू म्हणतोस ग्रुपमुळे मजा गेली. मी म्हणेन, तू खेळ शिकलास घरच्यांबरोबर आणि खेळाविषयी बोलायला शिकलास उपाशी लोकांबरोबर.

आता कोणी असं समजू नये की मला चाहते मंडळींची ॲलर्जी आहे. तुझा हा खेळ आला कुठून माहीत आहे? ब्रेंडन ग्रीन नावाचा एक आयरिश माणूस. त्याला दुसऱ्या कोणाचे तरी गेम आवडायचे. 'आर्मा' नावाचा लष्करी गेम होता, चाहत्यांनी तो मोडून-जोडून त्यातून 'डेझी' नावाचा वेगळाच गेम केला, आणि या माणसानं त्यात पुन्हा हात घालून सगळे एका जागी उतरवायचे आणि एकच उरेपर्यंत लढवायचं, अशी आपली आवृत्ती बनवली. ती फुकट वाटली, लोक खेळले, त्यातून पुढे २०१७ मध्ये पब्जी बाजारात आला. म्हणजे ज्या गवतात तू पडतोस ते चाहत्यांनीच पेरलंय. आणि दोंडाईचाचा तो पोरगा. उन्हातान्हात गाडी हाकत आला आणि एका अनोळखी माणसाच्या बापाला रक्त देऊन गेला. असा माणूस ज्या ग्रुपनं दिला त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण जरा विचार कर, त्या पोराशी तू शेवटचं कधी बोललास? ग्रुपवर नव्हे, त्याच्याशी? त्याचं नाव तुला माहीत आहे की नुसता त्याचा आयडी?

आयपीएलचं तू ओझरतं लिहिलंस, म्हणून मीही थोडक्यात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या संघानं रोहितचं कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिलं. पुढच्या १ एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध सामना होता. नाणेफेकीलाच हार्दिकची अशी हुर्यो उडवली की समालोचकाला प्रेक्षकांना "नीट वागा" असं सांगावं लागलं. आपल्याच संघाच्या कर्णधाराची, आपल्याच मैदानावर! आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. त्या संध्याकाळी ट्रेंट बोल्टनं रोहितसकट तिघांना पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं. डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू असा वळताना दिसावा, यासाठी लोक रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातात, महागडी तिकिटं काढतात. किती जणांनी तो खरंच पाहिला असेल? आमचे हे तेव्हा म्हणाले, "एवढे पैसे भरून लोक ओरडायला गेले, ओरडणं तर घरी फुकट होतं." मग २९ जूनला बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं, आपण सात धावांनी जिंकलो, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच माणसाच्या नावाचा घोष झाला. यात हार्दिक फारसा बदलला नव्हता. घोष करणाऱ्यांतल्या पुष्कळांना मात्र एप्रिलची ती संध्याकाळ आता कधीच परत मिळणार नाही. तुझे पप्पा ऑपरेशनमधून उठलेत. त्यांच्या शेजारी बसून मॅच बघायची तर फोन दुसऱ्या खोलीत ठेव. यावर अजून काही बोलायची गरज मला वाटत नाही.

माझी एक गोष्ट सांगते, फार अभिमानाची नाही. १९८० च्या सुमाराची. मी धुळ्याला कॉलेजात होते आणि मला रहस्यकथा वाचायचं वेड होतं. लायब्ररीतून नव्हे, बसस्टँडवर भाड्यानं मिळायच्या त्या, पानं सुटलेल्या, कोणीतरी शेवटचं पान फाडून ठेवलेल्या. मग मी एका वाचकमंडळात गेले. हुशार मुलंमुली, मोठमोठी पुस्तकं, चहा-बिस्किटं. मला तिथं फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण रहस्यकथेचं नाव काढलं की सगळे हसायचे. कोणी टाकून बोललं नाही. नुसते हसायचे, एकमेकांकडे बघून. मी वाचणं सोडलं नाही. दिवाळी अंकाच्या आत लपवून वाचायला लागले. आणि एक दिवस लक्षात आलं की आत लपवलेलं पुस्तक वाचताना माझ्या मनात तेच हसू चाललंय. खोलीत कोणी नव्हतं. दार बंद. तरी ते सगळे माझ्या खांद्यावरून वाचत होते. दोन वर्षं मी रहस्यकथा वाचली नाही. पुढे वाचल्या, अजून वाचते, पण खुनी कोण हे कळायच्या आधी छातीत जे धडधडायचं ते पूर्वीसारखं काही परत आलं नाही. मंडळातल्या मैत्रिणी मात्र आजही आहेत, दोघी तर अगदी जिवाभावाच्या. तेव्हा सोडलं असतं तर त्याही गेल्या असत्या. म्हणून तुला मी "सोड" किंवा "राहा" असं एका शब्दात सांगत नाही.

आता ती ओळ. "त्याला मी एकदा ग्रुपवर 'बॉट' म्हणालो होतो, गमतीत."

भाच्याकडून मी या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. बॉट म्हणजे गेमनं स्वतः जागा भरायला घातलेला खोटा खेळाडू. नेम धरता येत नाही, उभा राहून गोळ्या खातो. माणूसच नाही तो. तू हे तुझ्या भावाला म्हणालास, साडेचारशे पोरांसमोर, आणि त्यातल्या निदान पन्नासेक जणांनी खाली हसण्याची चित्रं टाकली असणार. ज्या पोराबरोबर तू लॉकडाऊनमध्ये धाब्याच्या घरावर चढून, नेटवर्क कुठं लागतं ते हात वर करून शोधत खेळायला शिकलास, तो हा. (धाब्यावर चढत होतात हे मी माझ्या मनानं घातलंय. चुकलं असेल तर सांग, पण तिकडच्या खेड्यांत नेटवर्क मला माहीत आहे.)

तू पूर्ण पत्रात विचारतोयस की ग्रुपनं माझं काय केलं. फुईच्या पोरानं मला पत्र लिहिलं असतं तर त्यातला ग्रुप तू असतास. साडेचारशे जणांचं त्याला काय, त्यांना तो ओळखतही नाही. तो खेळत नाही कारण खेळायला बसलं की त्याच्या खांद्यावरून तू बघतोस. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाहीये. लागलं तरी चालेल, पण कारण वेगळं आहे. मजा कुठं गेली हे तुला कळत नव्हतं ना? तिचा निम्मा हिस्सा तो घेऊन गेलाय. गवतात पडून राहायला मजा येते ती शेजारच्या झुडपामागे आपला कोणीतरी पडलाय आणि कानात कुजबुजतोय म्हणून. एकट्यानं पडून राहिलं तर ती नुसती वाट बघणं होते, हे मी तिसऱ्या खेळातच अनुभवलं. भाचा चहा आणायला उठला आणि मला कंटाळा आला.

तर काय करायचं. ग्रुपमधून बाहेर पड असं मी म्हणत नाही, आणि पडलासच तर निरोपाचा लांबलचक मेसेज टाकून पडू नकोस. तोही एक स्क्रीनशॉटच असतो. गप्प म्यूट कर. महिनाभर तिथं काहीही टाकू नकोस, जिंकलास तरी, विशेषतः जिंकलास तर. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवेल. खेळ झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटेलच, माणूस आहेस. तेव्हा एकाला सांग, चेहरा माहीत असलेल्या एकाला. तो दोंडाईचाचा पोरगा चालेल. त्याला फोन कर, गेमबद्दल नाही, पप्पांची तब्येत सांगायला. एक दिवस जाऊन भेट. रिकाम्या हातानं जाऊ नकोस, आणि तिथून येताना मिरची आण. तुझी आई खूश होईल.

हे करून मजा परत येईलच असं वचन मी देत नाही. एक शक्यता तू लिहिली नाहीस ती मी लिहिते: कदाचित हा खेळ तुझ्यापुरता संपलाही असेल. सतरा-अठराव्या वर्षी जे आवडतं ते तेविसाव्या वर्षी आवडेलच असं नाही, आणि तेच बेट, तीच घरं किती वर्षं बघणार. त्याचं खापर ग्रुपवर फोडू नकोस. तसं असेल तर ते तुला भावाबरोबर खेळताना कळेल, ग्रुपवर कधीच कळणार नाही, कारण तिथं कंटाळा आला हे कबूल करायची सोय नसते. कंटाळा आला तर दोघं मिळून गेम काढून टाका आणि दुसरं काही बघा. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला जा.

पण आधी गावाला जा. फोनवर माफी मागू नकोस, मेसेज तर अजिबात नको. ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागायचा विचार तुझ्या मनात आला असेल तर तो ताबडतोब काढून टाक. त्या पोराला पुन्हा एकदा साडेचारशे जणांसमोर उभं करायचं नाहीये. रविवारी मेडिकल बंद झालं की एसटी धर. फुईच्या हातचं जेव. जेवताना विषय काढू नकोस. रात्री वर झोपायला जाल तेव्हा त्याला म्हण, "मी तुला तसं बोललो ते चुकलं." एवढंच, पुढे "पण" नको. तो म्हणेल, "माले काही नही वाटनं." त्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि वादही घालू नकोस. फोन काढ, गेम लाव, आणि विमान बेटावर आलं की गप्प बस. आजवर कुठं उतरायचं ते तूच ठरवत आलायस, हे मला न सांगता कळतं. या वेळी त्याला विचार, "आते कोठे उतरनं?" तो म्हणेल तिथं उतर, मग तो बेटावरचा धोक्याचा मिलिटरी बेस का म्हणेना.

– तुझी मावशी, जळगाव